गाडीला उतार आहे, गिऱ्हाइकाला नाही

रात्री दुकानं बंद व्हायच्या टायमाला कुठल्याही पेठेत उभं राहून बघा, जिंतूर घ्या, सेलू घ्या, उदगीर घ्या नाहीतर किनवट, सगळीकडं सारखंच. शेठ गल्ला मोजतो, पोरगं बाहेरची मांडामांड आत घेतं आणि सगळ्यात शेवटी मोटारसायकल आत चढते. तिच्यासाठी सिमेंटचा उतार केलेला असतो, नाहीतर निदान एक लोखंडी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, ती आडवी टाकायची, गाडी फर्स्ट गिअरला घ्यायची आणि वर. लाखाची गाडी रस्त्यावर कोण ठेवणार, त्यात चुकीचं काही नाही. पण त्याच दुकानात कुबड्या घेऊन, तीनचाकी सायकलवर, पायाला कॅलिपर म्हणजे आधाराच्या पट्ट्या लावून येणाऱ्या माणसासाठी काय सोय आहे म्हणून विचारलं तर शेठ म्हणतो, "आपल्याकडं असे गिऱ्हाईक येतच नाहीत ओ."

येणार कुठून?

मी स्वतः दुकानदार आहे, तालुक्याच्या गावाला सिमेंट-हार्डवेअरचं दुकान आहे आमचं, म्हणून हे जरा हक्कानं लिहायलोय. आमच्या दुकानाला उतार आहे आणि तो काही पुण्य कमवायला केलेला नाही, पोत्यांचा हातगाडा सरळ आत यावा म्हणून वडिलांनी करून घेतला होता. हमालाची पाठ वाचावी, पोतं फुटू नये, एवढाच हिशोब. पण उतार झाल्यावर हातगाड्यासोबत तीनचाकी सायकली पण यायला लागल्या, साइड व्हीलची स्कूटी बाहेर लावून कुबड्या टेकत लोक यायला लागले, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या बाया दारात न थांबता आत येऊन रंगाचे डबे बघायला लागल्या. त्यामुळं 'येतच नाहीत' हे मला काही पटत नाही. जिथं येता येतं तिथं येतात, बाकी ठिकाणी रस्त्यावरून हॉर्न वाजवतात.

तो हॉर्न तुम्ही पण ऐकला असेल. मेडिकलसमोर स्कूटी थांबते, दोनदा हॉर्न वाजतो, आतलं पोरगं मान वर करून बघतं, हातातलं गिऱ्हाईक उरकतं, मग खाली येतं, चिठ्ठी घेतं, वर जातं, परत खाली, "काका ही कंपनी नाही, दुसरी देऊ का", परत वर, सुट्टे आणायला अजून एकदा. तोवर मागं ऑटोवाला बोंबलायलेला असतो. आणि साखर झाली, बीपी झालं, असलं चार लोकांत न सांगायचं सगळं रस्त्यावर मोठ्यानं बोललं जातं. मेडिकल म्हणजे आजारी माणसानं यायची जागा आणि तिथंच तीन पायऱ्या. हाडाच्या डॉक्टरचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे तर आपल्याकडं इतकं कॉमन आहे की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की आपल्या मराठवाड्यात माणुसकी आहे, पुण्या-मुंबईसारखं नाही. आहे ना, मी कुठं नाही म्हणतो. एखादा तीनचाकीवाला दुकानासमोर आला तर चार पोरं धावतात, सायकलसकट उचलून वर ठेवतात, वर चहा पाजतात. पण माझं म्हणणं असंय की ह्या माणुसकीमुळंच आपल्याकडं रॅम्प होत नाहीत. "हाक मारा की, आम्ही आहोत की" हे इतकं मनापासून आणि इतकं पटकन म्हटलं जातं की दारात काही बदल करायची गरजच कुणाला वाटत नाही. उचलायला पोरं आहेत तोवर सिमेंट कोण कालवणार. आणि ज्याला उचललं त्याला काय वाटतं हे विचारायची तर आपल्यात पद्धतच नाही, कारण मदत केलीय, आता काय अजून.

बस्ता बांधायचा प्रसंग घ्या. लग्नाचा बस्ता म्हणजे आपल्याकडं निम्मं लग्नच, अख्खं खानदान कापड दुकानात. ओळखीतल्या एका घरचा बस्ता होता, त्यात नवरीची मावशी जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण, लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर. साड्यांचा विभाग वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि वर पांढऱ्या गाद्या टाकलेल्या, म्हणजे वर पोचलं तरी खाली मांडी घालून बसायचं, जे कॅलिपरवाल्या माणसाला जमत नाही. दुकानवाला अतिशय सज्जन. त्यानं गल्ल्याजवळ खुर्ची टाकून दिली, पंखा तिच्याकडं फिरवला, दोनदा चहा दिला, आणि भाचीनं वरून व्हिडिओ कॉल लावला. ती मावशी दीड-दोन तास खाली बसून मोबाईलवर साड्या बघत होती. कॉलमध्ये लाल आणि मरून एकसारखेच दिसतात, पदर हातात घेता येत नाही, सूत कळत नाही. स्वतःच्या पैशानं भाचीला शालू घ्यायचा होता तिला. शेवटी वरच्यांनी जो पसंत केला त्याचे पैसे तिनं खाली दिले. कुणी तिचा अपमान केला का? नाही. सगळेच चांगले वागले. पण तिनं खरेदी केली का, तर ती पण नाही केली, तिनं फक्त बिल भरलं.

गिऱ्हाईक म्हणजे काय हे आपल्याला धंदेवाल्यांना वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईक दहा वस्तू खाली काढायला लावतं, भाव पाडून मागतं, "शेजारी बघून येतो" म्हणतं आणि येत नाही. आपल्याला राग येतो पण तो त्याचा हक्कच असतो. आता ज्याला चार पोरांनी उचलून आत आणलं, चहा पाजला, तो माणूस "नाही पटलं, जातो" कसं म्हणणार? त्याला परत उचलून खाली ठेवायला पोरं लागतात. तो बिचारा जे समोर येईल ते, ज्या भावात येईल त्या भावात घेऊन जातो. काही न घेता निघून जाता येणं, माझ्या मते रॅम्पचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि सरकारी पत्रकात तो कुठंच लिहिलेला नसतो.

बायांचं तर अजून अवघड. कोण उचलणार, कसं उचलणार. म्हणून त्या येतच नाहीत, घरातून यादी पाठवतात.

बरं, लोक किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर दिव्यांग मोजले गेले, देशात २ कोटी ६८ लाख. आणि तेव्हा मोजताना प्रकार होते ८, आता कायद्यात प्रकार आहेत २१, म्हणजे खरा आकडा ह्याच्या वरच असणार. शिवाय आपल्या भागात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात त्या रात्री भिंतींखाली सापडून हातपाय गमावलेली माणसं आता म्हातारी व्हायलीत. मळणी यंत्रात हात गेलेले, जिनिंगमध्ये बोटं गेलेली, ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टर उलटून पाय गेलेले, मोटारसायकल घसरून कंबरेतून गेलेली पंचविशीतली पोरं, साखरेमुळं पाय कापावा लागलेले, प्रत्येक गावात आहेत. आणि पोलिओची जी पिढी आहे ना ती तर आता चाळिशी-पन्नाशीची, भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ चा, पण त्याआधीचे सगळे आपल्यातच आहेत. १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखीव झाल्या, नव्या कायद्यात त्या ४ टक्के झाल्या, त्यातून ह्या पिढीतले कितीतरी लोक मास्तर झाले, तलाठी झाले, बँकेत लागले. दर महिन्याला पक्का पगार घेणारं, उधारी न ठेवणारं गिऱ्हाईक दारात हॉर्न वाजवत बसलंय आणि आपण म्हणायलोत येतच नाहीत. दया बाजूला ठेवा, हा धंद्याचा तरी हिशोब आहे का?

कायद्याचं पण सांगून टाकतो, कारण आपल्यात बऱ्याच जणांना वाटतं हे सगळं कलेक्टर ऑफिस आणि रेल्वे स्टेशनसाठी आहे. तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे तिच्यात खाजगी इमारत पण येते, जिथं पब्लिकची ये-जा आहे आणि व्यापार चालतो ती सुद्धा. कलम ४४ म्हणतं, इमारत सुगम, म्हणजे दिव्यांगाला वापरता येईल अशी, नसेल तर नकाशा मंजूर करू नका आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला पण देऊ नका. कलम ४५ म्हणतं, जुन्या इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुधारा. कलम ४६ म्हणतं, सेवा देणारे, सरकारी असोत की खाजगी, त्यांनी २ वर्षांत सुधारावं. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे सेवेची मुदत २०१९ ला गेली आणि इमारतीची २०२२ ला. दंड पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, परत सापडलं तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. कागदावर कडक आहे. आता मला सांगा, तुमच्या गावात ह्या कायद्याखाली कुठल्या कॉम्प्लेक्सचा दाखला अडवलेला ऐकलाय का कधी? पार्किंगच्या बेसमेंटमध्ये गाळे काढलेले चालतात तिथं रॅम्प कोण बघतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थाच्या याचिकेवर हेच धरलं, की केंद्राच्या नियमांतले निकष नुसते शिफारशीसारखे आहेत, ते कायद्याला धरून नाही, बंधनकारक निकष करा, आणि त्याला ३ महिने दिले. तक्रार करायची तर दिव्यांग आयुक्तालय पुण्याला. किनवटच्या माणसानं एका पायरीसाठी पुण्याला जायचं.

पण नुसतं दुकानदाराला झोडपून पण चालणार नाही, कारण आपल्याकडं दुकानं उंच का झालीत ते बघा. दर चार-पाच वर्षांनी रस्ता होतो, जुना खरवडून काढत नाहीत, त्याच्यावरच नवीन थर टाकतात. रस्ता वर आला की सप्टेंबरच्या पावसात पाणी दुकानात. मग दुकानदार फरशी उचलतो, ओटा वाढवतो. मधून नाली जाते, तिच्यावर फरशी टाकायची, फरशीवर पायऱ्या. मग एक दिवस अतिक्रमणवाले जेसीबी घेऊन येतात आणि नालीवरच्या पायऱ्या उडवतात, त्यात एखाद्यानं उतार केलेला असेल तर तो पण उडतो. दुसऱ्या दिवशी लोखंडी शिडीसारखी पायरी लागते जी रात्री आत घेता येते. त्या शिडीवर धडधाकट माणूस पण जपून चढतो. म्हणजे ओटा उंच होण्यात निम्मा वाटा नगरपालिकेचा आहे, आणि रॅम्प तोडण्यात पूर्ण. रस्ता करताना आधीचा थर खरवडून काढायचा हे टेंडरमध्येच टाकलं आणि ठराविक मापाच्या उताराला अतिक्रमण मानायचं नाही असा ठराव घेतला तरी निम्मी अडचण संपेल.

आता माझ्या धंद्यातलं. मान्य माप १:१२ चं आहे, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. पायरी ६ इंचाची असेल तर ६ फूट उतार, रुंदी ४ फूट धरा. त्याला दीड-दोन पोतं सिमेंट, थोडी वाळू-खडी, खाली भरायला मुरूम आणि मिस्त्रीचा एक दिवस लागतो, ह्यापेक्षा जास्त खर्च आपण दिवाळीच्या लाइटिंगवर करतो. फक्त खाली मुरूम दाबून घ्या, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर डायरेक्ट कॉंक्रीट टाकलं की वर्षभरात जोडाला दोन इंचाची फट पडते आणि चाक नेमकं तिथं अडकतं. वरून चकचकीत ग्रॅनाइट तर अजिबात नको. एका नव्या हॉस्पिटलला असा पॉलिशचा रॅम्प बघितला, ओला झाला की कुबडीचं रबर सरळ घसरतं, पेशंट बाहेरूनच ॲडमिट व्हायचा. खडबडीत शहाबादी किंवा चेकर्ड टाइल लावा, नाहीतर ओल्या कॉंक्रीटवर खराट्यानं रेघा ओढल्या तरी काम भागतं.

आणि बाइकसाठी करतात तसला उतार म्हणजे रॅम्प नाही. दोन फुटाच्या ओट्याला तीन फुटाचा उतार, त्याच्यावरून व्हीलचेअर ढकलली तर मागं उलटी पडेल. सरकारी ऑफिसातले बरेच रॅम्प असलेच, तपासणीपुरते. कुठं पायथ्याला साखळी लावून कुलूप, कुठं वर साहेबांच्या कुंड्या. दाखवायला आहे म्हणून झालं.

ओटा दोन फुटाचा असेल तर १:१२ नं २४ फूट उतार लागतो, तो कुठं करणार? ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. लातूरच्या गंजगोलाईसारख्या जागेत, जिथं १६ रस्ते येऊन मिळतात आणि एकेक गाळा दहा फुटाचा, तिथं प्रत्येकाला वेगळा रॅम्प शक्यच नाही. कायदा पण तसं म्हणत नाही, झेपणार नाही इतका बोजा टाकून सोय करा असं त्यात नाहीये. पानटपरीवाल्याला लिफ्ट बसव असं कुणी म्हणायलं नाही. पण नगरपालिकेचे, बाजार समितीचे, जिल्हा परिषदेचे जे गाळे आहेत ते बघा, लाइनीत वीस गाळे आणि समोरून सलग व्हरांडा. तिथं व्हरांड्याच्या एका टोकाला एकच लांब रॅम्प केला की वीसच्या वीस दुकानं उघडी होतात. मालक सरकारी संस्था, भाडं दर महिन्याला घेते, लिलावात डिपॉझिट वेगळं घेते, तिनंच करायचं हे. आणि स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा जो ५ टक्के निधी असतो त्यातून करू नका, तो त्यांच्या हाताला मिळायचा पैसा आहे, गाळ्याचा रॅम्प हा गाळ्याच्या मालकाचा खर्च. फक्त झाल्यावर त्या व्हरांड्यात आडव्या मोटारसायकली लावायच्या नाहीत, एवढं तरी आपण गाळेवाल्यांनी बघावं.

बाकी अपंगत्व म्हणजे फक्त पाय नाहीत. आंधळा माणूस कार्डनं पैसे द्यायला आला की आता जी नवीन टचस्क्रीनवाली मशीन आलीत त्यांच्यावर त्याला पिन टाकता येत नाही, कारण बोटाला काही लागतच नाही, जुन्या मशीनला निदान बटणं होती आणि ५ च्या बटणावर टिंब. मग तो पिन दुकानदाराला सांगतो. भर दुकानात, मोठ्यानं. दुसरीकडं बँक त्याला रोज मेसेज पाठवते की पिन कुणाला सांगू नका. ह्याच्यावर दुकानदाराला करता येण्यासारखं सोपं काम म्हणजे यूपीआयला जोडलेला मोबाईल नंबर तोंडानं सांगायचा, क्यूआर-बिक्यूआर शोधायला न लावता. बोलणाऱ्या फोनवर त्याला नंबर टाकता येतो, आणि तुमच्या काउंटरवरचा डबा पैसे आले म्हणून ओरडतोच. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप २०२० पासून आहे, तो फोन नोटेवर धरायला लागला तर "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणून तोंड वाकडं करू नका. बहिऱ्या माणसाला दवाखान्यात नावाचा पुकारा ऐकू येत नाही, नंबर गेला की बसला दिवसभर, तिथं एक पाटी आणि खडू पुरतो.

केवायसीचं तर अजून एक. सिमकार्ड घ्या, खातं उघडा, मोबाईल म्हणतो कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा. ज्याला डोळेच नाहीत तो काय मिचकवणार. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ह्याच्यावर सांगितलं की डिजिटल सेवेपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, केवायसीला दुसरे मार्ग द्या. काउंटरवरच्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो म्हणतो सिस्टिम घेत नाही, आणि आपला माणूस परत जातो.

"मग ऑनलाइन मागवा की" असं म्हणणारे पण भेटतात, आणि म्हणणारा बहुतेक वेळा दुकानदारच असतो हे विशेष. एरवी ऑनलाइननं धंदा बसला म्हणून रडायचं आणि जो माणूस स्वतःहून बाजारात यायलाय त्याला ऑनलाइनचा रस्ता दाखवायचा. शिवाय बाजार म्हणजे नुसती वस्तू थोडीच असते, चार लोक भेटतात, भाव कळतो, कुणाचं लग्न ठरलं कळतं. शिबिरात तीनचाकी वाटायच्या, पुढाऱ्यासोबत फोटो काढायचा आणि त्या सायकलनं घरासमोरच्या लिंबापर्यंत जायचं, मग दिली कशाला?

व्यापारी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये पार्किंग, जीएसटी, गणपतीची वर्गणी एवढंच होतं. पुढच्या मीटिंगला एक पेठ घ्या आणि मोजा. टेप माझ्या दुकानातून न्या, परत आणून दिली तर बरं. कुणाची पायरी सहा-सात इंचाच्या आत आहे, कुणाची फुटाच्या वर, ते पाटीवर लिहून काढा. माझा अंदाज आहे की निम्म्याच्या वर दुकानं पहिल्यातच निघतील. त्यांनी मिस्त्री बोलवावा. उंच ओटेवाल्यांनी शेजाऱ्याशी बोलून दोघातिघांत एक करावा, जागाच नसेल तर बाइकसाठी जी लोखंडी फळी आहे तीच चांगली रुंद आणि लांब करून घ्यावी, बाजूनं कठडे लावून, आणि ती पूर्ण उंचीला पुरत नसेल तर खाली हात पोचेल अशी बेल लावावी म्हणजे निदान हॉर्न तरी वाजवावा लागणार नाही. आणि मिस्त्री आला की त्याला माप तोंडानं सांगू नका, कागदावर लिहून द्या, नाहीतर तो सवयीनं मोटारसायकलचाच उतार करून जाईल.